सारंगखेड्याला मारवाडी घोडा घ्यायचाय? मग खालून वर बघत चला

मारवाडी घोडा विकणारा माणूस तुम्हाला सगळ्यात आधी कान दाखवतो. जिभेने टकटक आवाज काढतो, घोडा कान टवकारतो, दोन्ही कानांची टोकं आत वळून एकमेकांना टेकायला येतात, आणि समोरचं गिऱ्हाईक, मग तो बागायतदार असो, ढाबेवाला असो की नगरसेवक, तिथल्या तिथे पाघळतं. मग उंची, रंग, अंगावरचे केसांचे भोवरे, आईबापाची नावं, मोबाईलवरचे व्हिडिओ. टाप उचलून बघायची आठवण होईपर्यंत इसार देऊन झालेला असतो.

मी पशुसंवर्धन खात्यात पशुधन पर्यवेक्षक होतो. आता निवृत्त, मुक्काम दोंडाईचा. तापीचा पूल ओलांडला की सारंगखेडा, तिथे दत्तजयंतीला घोड्यांचा बाजार भरतो, त्यामुळे ती जवळ आली की कोणाचा ना कोणाचा फोन येतोच, "अप्पा, या ना बाजारात, घोडा बघायचाय." मी जातो, पण अट एकच. मी सांगतो त्या क्रमाने बघायचं. आधी टापा, मग पाय, मग दात, मग चाल. कान शेवटी. तोच क्रम इथे लिहून ठेवतोय, म्हणजे मी सोबत नसलो तरी अडायला नको.

जनावर कुठलं, हे आधी कळू द्या

मारवाड म्हणजे जोधपूरच्या आजूबाजूचा कोरडा, रेताड मुलूख. बाराव्या शतकाच्या अखेरीस कनौज हातचं गेलं आणि राठोड पश्चिमेला वाळवंटाकडे सरकले. घोडा हाच तिथे राज्याचा आधार, म्हणून पैदास त्यांनी फार निवडून-पारखून केली. स्थानिक तट्टांमध्ये अरबी रक्त मिसळत गेलं आणि त्यातून ही जात उभी राहिली. कच्छच्या किनाऱ्यावर सात अरबी घोडे घेऊन आलेलं जहाज फुटलं आणि तेच घोडे पुढे मारवाडात गेले, ही गोष्टही तुम्हाला बाजारात कोणीतरी ऐकवेल. ऐका, त्याचा चहा प्या, पण त्या गोष्टीचे वेगळे पैसे देऊ नका.

मारवाडातही बाडमेर-बालोतऱ्याकडचा मालाणी भाग घोड्यांसाठी नावाजलेला. तिथे लुणी नदीच्या कोरड्या पात्रात, तिलवाड्याला, चैत्रात मल्लिनाथांचा पशुमेळा भरतो. राजस्थानातल्या सगळ्यात जुन्या मेळ्यांपैकी तो एक. सारंगखेड्यात "असली मालाणी माल है" असं जो सांगतो, तो याच भागाच्या नावावर भाव वाढवत असतो. कधी खरं असतं, कधी जनावर अलीकडच्याच तालुक्यात जन्मलेलं असतं.

हा मुलूख डोळ्यांपुढे आला की घोड्याची ठेवण आपोआप कळायला लागते. पाय लांब आणि सडसडीत, खांदा थोडा उभा, अंगावर मांस बेताचं. रेतीत रुतलेला पाय पटकन उपसून काढायला हीच ठेवण उपयोगी. पुण्या-मुंबईच्या रेसकोर्सवरचे थरोब्रेड बघून आलेले लोक मारवाडीकडे बघून म्हणतात, "छाती अरुंद वाटते हो, मागचा भाग भरलेला नाही." तो तसाच असायला हवा. मारवाडीच्या नावाखाली फारच भरीव, बोजड मांड्यांचं जनावर दिसलं तर उलट मला शंका येते.

लढाईतल्या मारवाडी घोड्याबद्दल राठोडांची एक जुनी समजूत होती: तो रणातून तीनच प्रकारे बाहेर पडतो. जिंकून, मरून, नाहीतर जखमी धन्याला पाठीवर घेऊन. 18 जून 1576 ला हळदीघाटीत राणा प्रतापांच्या चेतकने तिसरा प्रकार करून दाखवला, असं सगळं राजस्थान मानतं. चेतक मारवाडी की काठियावाडी यावर दोन्हीकडचे लोक आजही भांडतात, आणि सारंगखेड्याच्या महोत्सवालाही चेतकचंच नाव आहे. पण चेतकच्या वंशातलं शिंगरू म्हणून कोणी तुमच्यापुढे काही उभं केलं तर हात जोडून पुढच्या दावणीकडे वळा.

या जातीचे वाईट दिवसही आले. इंग्रज अमलात थरोब्रेड आणि पोलोची तट्टं यांना मान, आणि हे वळलेले कान म्हणजे 'नेटिव्ह' घोड्याची खूण म्हणून चेष्टेचा विषय. जोधपूरचे महाराजा उमेदसिंह यांनी 1930 च्या दशकात चांगले वळू जमवून पैदास टिकवली, पुढे त्यांचे नातू गजसिंह यांनी ते काम चालू ठेवलं. मधल्या काळात संस्थानं गेली, जहागिऱ्या गेल्या, पागा पोसणं परवडेना. कित्येक उत्तम घोडे खच्ची झाले, टांग्याला आणि ओझ्याला लागले, काहींना तर गोळ्या घातल्या गेल्या. आज जी किंमत तुम्हाला सांगतात, त्यात या तुटवड्याचाही वाटा आहे. परदेशी निर्यातीवर सरकारने 1952 पासून बंदी ठेवली. मध्ये 2000 ते 2006 या काळात परवान्यावर थोडे घोडे बाहेर गेले.

सकाळी जा

बाजारात संध्याकाळी गेलात तर हॅलोजनच्या उजेडात सगळेच घोडे देखणे दिसतात. ढोल वाजतोय, घोडा नाचतोय, आयाळीला तेल, गळ्यात घुंगरू. त्या वेळी तमाशाच्या तंबूत जा, गोडीशेव खा, एकमुखी दत्ताचं दर्शन घ्या. घोडा बघायचा तो उजाडताना, थंडीत, रात्रभर बांधलेला. रात्री बसून आखडलेलं दुखणं सकाळच्या पहिल्या दहा पावलांत दिसतं. एकदा मोतद्दाराने, म्हणजे घोडा सांभाळणाऱ्या माणसाने, फिरवून गरम केलं की तेच दुखणं दुपारपर्यंत लपतं.

आणि लांबूनच थोडा वेळ उभे राहा. विकणाऱ्याला कळू देऊ नका की तुम्ही त्याच घोड्यासाठी आलात. खाली लीद बघा. गोळे बांधलेली, ओलसर, फोडल्यावर आत अख्खे दाणे नसलेली लीद म्हणजे पोट ठीक. पातळ असेल किंवा लीदच नसेल तर का, ते विचारा. घोडा एक मागचा पाय सैल टेकवून उभा असेल तर हरकत नाही, तो आराम करतोय. पण पुढचा पाय सारखा पुढे टाकून उभा असेल तर त्या पायात काहीतरी आहे.

खालचा ओठ लोंबतोय, डोळे अर्धे मिटलेत, मान खाली, आणि आजूबाजूला फटाका वाजला तरी कान हलत नाहीत, असं जनावर "एकदम शांत, लेकरू बसवा" म्हणून विकतात. त्या शांतपणात इंजेक्शनचा हात असू शकतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन बघा, न सांगता.

टाप आणि पाय

चारही टापा स्वतः उचला, किंवा मोतद्दाराला उचलायला सांगा आणि तुम्ही वाका. टाप उचलू देत नाही असा घोडा नालबंदाला आयुष्यभर त्रास देणार. तळव्यातला मऊ त्रिकोणी भाग अंगठ्याने दाबा. तो लवचीक हवा. काळा पाणचट स्राव आणि सडका वास आला तर तळवा कुजतोय. ते बरं होतं, पण भावातून वजा करायचं. खुराच्या भिंतीवर आडव्या वळ्या बघा. एखाद-दुसरी सगळ्यांनाच असते, पण पुढच्या दोन्ही खुरांवर ठसठशीत, टाचेकडे रुंद होत गेलेल्या वळ्या म्हणजे या घोड्याला कधीतरी खुरांची सूज येऊन गेली आहे. असं जनावर मी घेऊ देत नाही, मग कान कितीही सुंदर असोत.

नाल नवी कोरी आणि खुराला काळं पॉलिश, असं दिसलं की चिरा बोटाने चाचपा. मारवाडीचा खूर मुळात कठीण असतो, वाळवंटात बरेच घोडे नालेशिवायच फिरतात. आपल्या डांबरी रस्त्यावर चालवणार असाल तर नाल लागेल. बैलाला पत्र्या मारणारा कारागीर गावोगाव मिळतो, घोड्याचा नालबंद मात्र शोधावा लागतो. तो कुठे आहे, सहा ते आठ आठवड्यांनी येईल का, हे घोडा घ्यायच्या आधी विचारून ठेवा.

मग गुडघ्याखालचा पाय. तळहात मागच्या बाजूने हळूहळू खाली आणा. तिथली शीर दोरीसारखी ताठ, स्वच्छ, थंड लागायला हवी. एका पायाला ती फुगीर किंवा गरम लागली आणि दुसऱ्याला नाही, तर घोडा कुठेतरी ताणला गेलाय. हात लावताना मी नेहमी दोन्ही पाय एकापाठोपाठ तपासतो. एकटा पाय काही सांगत नाही.

आता मोतद्दाराला सांगा, "दोर सैल सोड आणि पक्क्या रस्त्यावर दुडकीने ने." दोर सैल हे महत्त्वाचं. आखडून धरला तर मान हलत नाही, आणि आपल्याला नेमकी मानच बघायची असते. पुढचा पाय दुखत असेल तर तो टेकताना घोडा मान वर झटकतो आणि चांगला पाय टेकताना मान खाली जाते. मागचा दुखत असेल तर मागून बघा, त्या बाजूचं ढुंगण जास्त वर-खाली होतं. रेतीत किंवा गवतावर पळवून दाखवायचा आग्रह धरतात, कारण मऊ जमिनीवर बारीक लंगडणं लपतं. सारंगखेड्यात डांबरी रस्ता आहे, तिथेच न्या.

दात

वय कागदावर नसतं, तोंडात असतं. खालच्या जबड्याचे पुढचे सहा दात बघायचे. मधली दुधाची जोडी साधारण अडीच वर्षांचा असताना पडते, तिच्या बाजूची साडेतीनला, कडेची साडेचारला. पाचव्या वर्षी सगळे पक्के दात जुळतात. दोन पक्के दात दिसले तर अडीच ते साडेतीन, चार दिसले तर साडेतीन ते साडेचार. नराला चार-पाच वर्षांच्या सुमारास सुळे येतात, घोडीला बहुतेक वेळा येत नाहीत.

पाचानंतर दातांच्या माथ्यावरचे खळगे बघायचे. खालच्या मधल्या जोडीतला खळगा सहाच्या सुमाराला झिजतो, बाजूचा सातला, कडेचा आठला. पुढे वरच्या जबड्याच्या कडेच्या दातावर एक उभी तपकिरी रेघ हिरडीतून डोकावते, ती दहाव्या वर्षी. अर्ध्या दातापर्यंत आली की पंधरा, पूर्ण उतरली की वीस. हे आकडे घड्याळासारखे चालत नाहीत. चारा कसा, त्यात रेती किती, यावर वर्ष-सहा महिने पुढेमागे होतात. पण "पाच साल का है साब" म्हणणाऱ्याच्या घोड्याला ती तपकिरी रेघ दिसली तर तुम्हाला दुसरं काही तपासायची गरज नाही.

गेल्या खेपेला एका घोड्याचा ओठ मी दोन बोटांनी उचलला, तर मालकाने पटकन माझा हात धरला. "डॉक्टरसाब, पहले कान देखो, कान!" मी म्हटलं, "कान कुठे पळून जातायत का? दात दाखव." कडेची जोडी दुधाची, पिवळसर-पांढरी, बारीक मानेची. बाजूची पक्की नुकतीच वर आलेली, कडा अजून न झिजलेल्या. म्हणजे पुरती चार वर्षंही नव्हती, आणि पाठीवर खोगिराच्या घासणीचे पांढरे केस. इतक्या लवकर इतकं वजन वाहिलेलं जनावर. ज्याच्यासाठी गेलो होतो तो माणूस तरी त्या घोड्याकडे वळून वळून बघत होता. मीही बघत होतो, खोटं कशाला बोलू, घोडा फार देखणा होता.

अडीच वर्षांचं बछेरं स्वस्त मिळतं म्हणून घेणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. तीन वर्षं पूर्ण होईपर्यंत पाठीवर बसायचं नाही, आणि तोवर त्याला खायला घालायचंच आहे. पहिल्यांदाच घोडा पाळणाऱ्याने सहा ते दहा वर्षांची, बसायला शिकलेली घोडी घ्यावी, हे माझं मत. वळूच्या नादाला तर लागूच नये. घोडीच्या वासाने तो रात्रभर दावं तोडायला बघतो, आणि वरातीत दुसरी घोडी आली की नवरदेव कुठे आणि घोडा कुठे.

इंच, आणि ते कसे वाढतात

बाजारात उंची इंचांत सांगतात. "बासठ", "चौसठ", "छियासठ". जुन्या इंग्रजी मापात 4 इंचांचा एक हात, म्हणजे 60 इंच 15 हात आणि 64 इंच 16 हात. मारवाडीची सर्वसाधारण उंची या 15 ते 16 हातांच्या आसपास असते, भागाभागानुसार कमी-जास्त. माप जमिनीपासून, जिथे मान संपून पाठ सुरू होते त्या हाडाच्या उंचवट्यापर्यंत, सरळ उभं घ्यायचं. विकणारा शिंप्याची टेप घोड्याच्या अंगावरून वळवत नेतो, त्यात दोन-तीन इंच सहज चढतात. वाढलेले खूर न छाटणं हा दुसरा उपाय, घोड्याचे पुढचे पाय उंचवट्यावर उभे करणं हा तिसरा. मी सोबत आडवा दांडा लावलेला लाकडी गज नेतो. गज बाहेर काढला की अर्धे लोक आपणहून दोन इंच कमी करतात.

आणि मुळात इतकी उंची हवी कशाला? शेतावरून फेरी मारायला 60 इंची घोडी उत्तम. आपल्याकडच्या भीमथडी तट्टाला अलीकडे स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली, ते तर याहून बुटकं, आणि मराठ्यांनी अशाच काटक जनावरांवर दूर-दूरच्या मोहिमा केल्या. डोंगरवाटेला आणि पोराबाळांना बसायला मी तेच सुचवेन. पण छियासठची हौस असणाऱ्याला हे पटत नाही.

चाल

मारवाडीची खरी चैन त्याच्या चालीत आहे. कदम, दुडकी आणि भरधाव याखेरीज त्याला एक नैसर्गिक चाल असते, रवाल म्हणतात तिला, कोणी रेवाल म्हणतं. चारही पाय वेगवेगळे, एकामागून एक पडतात, त्यामुळे पाठ उसळत नाही आणि स्वार खोगिरात जागचा हलत नाही. वाळवंटात कोसन् कोस जायचं तर हीच चाल. सगळ्याच घोड्यांना ती येत नाही. विकणाऱ्याला आधी बसायला सांगा, मग तुम्ही बसा, मैदानात दोन चकरा मारा. डोळे मिटून टापांचा आवाज ऐका. दुडकीत दोन ठोके येतात, रवालमध्ये चार, सारख्या अंतराने.

'नाचणारा' घोडा ही वेगळी गोष्ट. लग्नाच्या धंद्यासाठी घेणार असाल तर तुमचा हिशोब वेगळा, पण नाच शिकवताना जनावराला कसं बांधतात, काय टोचतात, ते मी बघितलंय. तोंडाच्या कोपऱ्यांत जुने व्रण आणि नाकाडावर दोरीची घडी दिसली तर तो घोडा माणसाच्या हाताला घाबरणार, हे धरून चाला.

आता रंग, भोवरे आणि ते कान

कुमाईत म्हणजे गडद लालसर अंग आणि काळी आयाळ-शेपटी, हा रंग सगळ्यात जास्त दिसतो. अबलख, म्हणजे अंगावर पांढरी ठिगळं असलेला, आणि सब्जा, म्हणजे राखाडी, यांना भाव जास्त. काळ्याला जुने लोक अशुभ म्हणून नाकं मुरडायचे, आता व्हिडिओंमुळे त्यालाच मागणी. नुकरा हा गुलाबी कातडीचा पांढरा घोडा देवकार्याला आणि वरातीला चालतो, मात्र मारवाडी म्हणून नोंदणीत त्याला सहसा घेत नाहीत. कपाळावर पट्टा आणि चारही पाय पांढरे, म्हणजे पंचकल्याणी, त्याला तर मागाल ती किंमत. पांढऱ्या पायाला ओलं फडकं घासून बघा, आणि गडद अंगावरही एकदा. केसांचा रंग माणसांच्याच नाही, घोड्यांच्याही दुकानात खपतो.

भोवऱ्यांबद्दल माझं बोलणं कोणाला आवडत नाही. गळ्याच्या बाजूचा देवमण शुभ, डोळ्याखालचा आसूढाळ अशुभ, असं बरंच आहे. भोवऱ्याने घोडा लंगडत नाही आणि पोटशूळही होत नाही. पण एक व्यवहार लक्षात ठेवा: आसूढाळ असलेला चांगला घोडा तुम्हाला स्वस्त मिळेल, आणि उद्या विकायला काढाल तेव्हा तुमच्याकडूनही तो स्वस्तच मागतील.

कान सरळ उभे असताना टोकं आत वळलेली हवीत. लांबी साधारण 9 ते 15 सेंटीमीटर, आणि ते जवळजवळ अर्धं वर्तुळ फिरतात. घोडा वाळूत उडणारी धूळ झेलत कसं ऐकत असेल, ते या कानांकडे बघून समजतं. काठियावाडीचे कान याहूनही जास्त वळतात, पण तो सौराष्ट्राचा घोडा अंगाने लहान असतो, कपाळ रुंद, नाकाडाला खोलगट बाक, तोंड आखूड. मारवाडीचा चेहरा लांब आणि सरळ. सिंधी घोडा चालीला छान, पण त्याचे कान टोकाला वळले तरी एकमेकांना टेकत नाहीत. बाजारात या तिघांचे संकर पुष्कळ आहेत आणि त्यांत काही वाईट नाही, फक्त किंमत मारवाडीची देऊ नका.

राजस्थानी जाणकारांचं एक जुनं माप मला फार आवडतं. पाच जवांच्या दाण्यांएवढं एक बोट. चेहरा 28 ते 40 बोटांचा, आणि डोक्याच्या माथ्यापासून शेपटीच्या बुडापर्यंतची लांबी चेहऱ्याच्या चौपट. हे माप घेऊन बघा, चांगल्या घोड्यात ते बऱ्यापैकी जुळतं.

कागद आणि रक्त

इसार द्यायच्या आधी रक्ततपासणी. ग्लँडर्स या रोगाचं नाव ऐकलं नसेल तर आता ऐका. नाकातून घट्ट स्राव, कातडीवर गाठी-फोडं, आणि तो माणसालाही होतो. लस नाही. जनावर बाधित निघालं तर 2009 च्या कायद्यानुसार त्याला मारावंच लागतं. पक्कं निदान हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात होतं. सोबत सर्राची तपासणीही करून घ्या. तो गोमाश्यांमुळे पसरतो: येऊन-जाऊन ताप, खाऊनही खंगणं, पोटाखाली आणि पायांना सूज. विकणारा म्हणेल, "रिपोर्ट है", तर त्यावरची तारीख आणि घोड्याची ओळखखूण बघा. दुसऱ्या घोड्याचा रिपोर्ट दाखवणं काही अवघड नाही.

मारवाडीची सरकारमान्य नोंदणी 2009 पासून सुरू झाली. त्यात घोड्याची मापं आणि खुणा लिहून घेतात, फोटो काढतात आणि थंड डाग देऊन नंबर उमटवतात. अंगावरचा नंबर आणि कागदावरचा नंबर स्वतः जुळवा. नोंदणी नसली म्हणून घोडा वाईट ठरत नाही, पण मग "रजिस्टर्ड बाप" वगैरेचे पैसे द्यायचे कारण नाही.

भाव करताना अजूनही काही जुने लोक रुमालाखाली हात घालतात. हजार की लाख ते तोंडाने बोलतात, आकडा बोटांनी. तुम्हाला येत नसेल तर सरळ सांगा, "मला बोलून सांगा." दलाल आजूबाजूला घुटमळणार. तुमच्या बाजूने बोलतोय असं दाखवणारा दलाल दोन्हीकडून घेतो. पेपरात छापून येणारे कोटींचे आकडे मागितलेले असतात, ठरलेले नाहीत. सौदा झाला की बाजाराची पावती, विकणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत, आणि कागदावर घोड्याचं वर्णन: रंग, खुणा, भोवरे, वय. हो, भोवरे इथे कामाला येतात. माणसाच्या अंगठ्यासारखे ते बदलत नाहीत.

घरी आणल्यावर

ट्रकमध्ये खाली वाळूची किंवा गवताची जाड थप्पी, घोड्याचं तोंड शक्यतो एका बाजूला, आणि दर काही तासांनी पाणी. घरी पोचल्यावर दोन-तीन आठवडे बाकी जनावरांपासून लांब बांधा, बादली आणि खरारा वेगळा. धनुर्वाताची लस दिली आहे का, विचारा. खात्री नसेल तर डॉक्टरांकडून घ्या. घोड्याला धनुर्वात फार लवकर होतो.

सगळ्यात जास्त घोडे पहिल्या महिन्यात पोटाने जातात. मारवाडातला कोरडा चारा खाऊन वाढलेलं जनावर आपल्याकडच्या हिरव्यागार लसूणघासावर एकदम सोडलं की पोट फुगतं. सुरुवातीला वाळलेला चारा, ज्वारीचा कडबा चालेल, बारीक करून, धूळ झटकून. हिरवं हळूहळू, मूठमूठ वाढवत. ज्वारीचं कोवळं हिरवं धाट मात्र घोड्याला नको. चंदीला भिजवलेला हरभरा, जव, थोडा कोंडा, दिवसातून तीन वेळा थोडं थोडं. पाणी कायम समोर.

गाई-म्हशींच्या पेंडीच्या पोत्यातून घोड्याला घालायचा मोह होतो, तो टाळा, आणि कोंबड्यांचं खाद्य तर तबेल्याच्या आसपासही ठेवू नका. त्यात मोनेन्सिन नावाचं औषध असू शकतं. कोंबडीला ते चालतं, घोड्याचं हृदय त्याने बंद पडतं, थोड्या मात्रेतही.

विश्रांतीतल्या घोड्याची नाडी मिनिटाला 28 ते 44, ताप 99.5 ते 101.5 फॅरनहाइट. पहिल्या आठवड्यात रोज सकाळी मोजून वहीत लिहा, म्हणजे तुमच्या घोड्याचं नेहमीचं माप तुम्हाला पाठ होईल. तो सारखा पोटाकडे वळून बघायला लागला, पायाने जमीन उकरायला लागला, बसतो-उठतो, लोळतो, लीद बंद आहे आणि नाडी साठच्या वर गेली, तर हिंग-तेल पाजत बसू नका. चारा काढून घ्या, दोर धरून सावकाश चालवत ठेवा आणि डॉक्टरांना बोलवा, मग रात्रीचे दोन वाजलेले का असेनात.